सात वर्तुळं आणि एक विमान

"एवढं मोठं विमान हरवतंच कसं?" हा प्रश्न मी शाळेत असल्यापासून ऐकतोय. ८ मार्च २०१४ ला मलेशिया एअरलाइन्सचं एमएच ३७० गायब झालं तेव्हापासून. विचारणारा बहुतेक वेळा खिशातला मोबाइल काढून दाखवतो आणि पुढे म्हणतो, "माझा फोन हरवला तर दोन मिनिटांत नकाशावर दिसतो. आणि दोनशे एकोणचाळीस माणसं बसलेलं विमान दिसत नाही? कोणीतरी लपवतंय, दुसरं काय!"

प्रश्न रास्त आहे, पण उत्तर पटत नाही. फोन सापडतो कारण फोन स्वतःच सांगत असतो की मी इथे आहे. तो बंद केला, सिम काढून खाडीत टाकला, की नकाशावर राहतो तो शेवटचा ठिपका. विमानाचंही अगदी तसंच आहे. आपल्याला वाटतं की वर कोणीतरी बसलंय आणि जगातलं प्रत्येक विमान डोळ्यांत तेल घालून बघतंय. तसं कोणी नसतं. विमान कुठे आहे हे बहुतेक वेळा विमानच सांगतं, आणि ते गप्प झालं की उरतो तो हिशेब. हा हिशेब कसा करतात, तो किती खरा मानायचा आणि पुन्हा करावाच लागू नये म्हणून काय करायला हवं, हा आजचा विषय. जरा लांबण लागेल, पण शनिवार आहे, चहा घेऊन बसा :)

नवी मुंबईच्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ ला विमानं उडायला लागली, आणि आमच्या विचुंब्यात गच्चीवर उभं राहून मोबाइलवर विमानं बघायचा एक नवाच छंद सुरू झालाय. आवाज आला की अॅप उघडायचं, पिवळं विमान शोधायचं, हे कुठून आलं, कुठे चाललं ते सांगायचं. लहान मुलं तर विमानाचा प्रकारही तोंडपाठ सांगतात. ते पिवळं विमान दिसतं कसं? विमान जीपीएसवरून आपली जागा काढतं आणि दर सेकंदाला साधारण एकदा रेडिओवर ओरडून सांगतं. जमिनीवर कोणाच्या तरी गच्चीतला छोटासा अँटेना ते ऐकतो आणि इंटरनेटवर चढवतो. म्हणजे अॅप विमानाला बघत नाही, विमानाचं म्हणणं ऐकतं.

विमानतळाचा रडारही मुख्यतः हेच करतो. तो विचारतो, "कोण आहे?" आणि विमानातला ट्रान्सपॉन्डर उत्तर देतो. नुसता प्रतिध्वनी पकडणारा जुन्या पद्धतीचा रडारही असतो, तो विमानाने उत्तर दिलं नाही तरी दिसतं तेवढं दाखवतो. पण पृथ्वी गोल आहे. पस्तीस हजार फुटांवरचं विमानसुद्धा साधारण चारशे किलोमीटरच्या पुढे गेलं की जमिनीवरच्या रडारला क्षितिजाखाली जातं. महासागराच्या मध्ये रडार कोण लावणार?

आता कोणी म्हणेल की हे लांबच्या समुद्रातलं झालं, आपल्याकडे काय त्याचं. तर आपल्याकडचीच गोष्ट सांगतो. ७ जुलै १९६२, मध्यरात्र उलटून गेलेली. अलिटालिया कंपनीचं फ्लाइट ७७१, डीसी-८ जातीचं विमान, सिडनीहून निघून बँकॉकमार्गे मुंबईला येत होतं. तिथून पुढे कराची, तेहरान आणि रोम. सांताक्रूझला ते पोचलंच नाही. जुन्नरजवळच्या दावंड्याच्या डोंगरावर, सुमारे ३६०० फुटांवर ते आदळलं. ९४ माणसं होती, कोणीही वाचलं नाही. ती जागा मुंबईपासून सुमारे ८४ किलोमीटर ईशान्येला आहे. चौकशीत निघालेलं कारण एका वाक्यात सांगता येतं: आपण मुंबईच्या जेवढे जवळ आहोत असं वैमानिकाला वाटत होतं, तेवढा तो जवळ नव्हता. म्हणून तो लवकर खाली उतरायला लागला. जागा पक्की करायची साधनं होती, ती वापरली गेली नाहीत. किमान सुरक्षित उंची पाळली गेली नाही, आणि खालचा मुलूख ओळखीचा नव्हता. ताशी पाचशे किलोमीटर वेग धरला तर ८४ किलोमीटर म्हणजे दहा मिनिटं. दहा मिनिटांच्या आतली चूक आणि मध्ये उभा सह्याद्री.

चारच वर्षांनी, २४ जानेवारी १९६६ ला, मुंबईहून निघालेलं एअर इंडियाचं 'कांचनजंगा' हे बोइंग ७०७ जिनिव्हाला उतरताना माँ ब्लाँ पर्वतावर आदळलं. ११७ माणसं गेली, त्यांत होमी भाभा. त्या विमानाचा एक दिशादर्शक रिसीव्हर बंद होता. पर्वत मागे पडला असं वैमानिकाला वाटत होतं. रडारवरच्या माणसाने त्याची जागा सुधारून सांगितली, पण त्या सांगण्याचा अर्थ वैमानिकाने वेगळा घेतला, असं चौकशीत निघालं. भाभा त्यात होते म्हणून कटाच्या कहाण्या आजही फिरतात. पण माँ ब्लाँची हिमनदी अजून एकेक वस्तू खाली आणून देते आहे: २०१२ मध्ये राजनैतिक टपालाची पिशवी, २०२० मध्ये १९६६ सालची भारतीय वर्तमानपत्रं.

या दोन्ही गोष्टी अशासाठी सांगितल्या की दोन्हींत कोणी लपवलं नव्हतं, कोणी पळवलं नव्हतं. विमानाची जागा हा एक हिशेब होता आणि तो चुकला. डोंगर होता म्हणून विमान लगेच सापडलं आणि चूक कळली. समुद्र असता तर?

एमएच ३७० च्या बाबतीत समुद्रच होता. त्या रात्री स्थानिक वेळेनुसार १२ वाजून ४२ मिनिटांनी विमान क्वालालंपूरहून बीजिंगला निघालं. बोइंग ७७७, २२७ प्रवासी आणि १२ कर्मचारी. प्रवाशांत पाच भारतीय होते आणि त्यांत आपल्या महाराष्ट्रातली माणसं होती. १ वाजून १९ मिनिटांनी वैमानिकाचं शेवटचं बोलणं, १ वाजून २१ मिनिटांनी ट्रान्सपॉन्डर गप्प. मग लष्करी रडारच्या नोंदींत दिसलं की विमान उलटं वळलं, मलेशिया ओलांडून पश्चिमेला आलं, पेनांगजवळून मलाक्काच्या सामुद्रधुनीत गेलं, आणि २ वाजून २२ मिनिटांनी त्या रडारच्याही बाहेर पडलं. पहिला आठवडाभर जहाजं दक्षिण चीन समुद्रात शोधत होती, म्हणजे नेमकी उलट्या बाजूला. आपलं नौदल आणि तटरक्षक दल अंदमानच्या आसपास शोधायला गेलं होतं.

इथपर्यंत रडार. इथून पुढे सगळी गोष्ट एका लॉग फाइलची आहे, आणि म्हणूनच सॉफ्टवेअरवाल्याला ती वाचताना आपल्याच घरातली वाटते.

विमानात उपग्रहाशी बोलणारं एक यंत्र असतं. तासभर कोणी काही बोललं नाही की जमिनीवरची यंत्रणा त्याला विचारते, "आहेस का?" आणि ते म्हणतं, "आहे." बस. ना जागा सांगत, ना उंची, ना वेग. आपल्या सर्व्हरचा हार्टबीट असतो ना, तेच हे. २ वाजून २५ मिनिटांनी या यंत्राने स्वतःहून पुन्हा लॉगिन केलं, म्हणजे मधल्या काळात त्याची वीज गेली होती आणि आली. २:३९ ला जमिनीवरून विमानाला फोन लावला गेला, कोणी उचलला नाही. मग ३:४१, ४:४१, ५:४१, ६:४१ अशा ओळी आहेत. पुढची ७:४१ ला हवी होती, पण आहे ती ८:११ ला. का? कारण ७:१३ ला पुन्हा एक फोन लावला गेला, तोही कोणी उचलला नाही, पण त्या प्रयत्नाने तासाचा टायमर पुन्हा शून्यावर आला. आणि शेवटी ८:१९ ला विमानाने पुन्हा स्वतःहून लॉगिन केलं. इंधन संपून वीज गेली आणि आपत्कालीन सोयीने थोडा वेळ परत आली, तर असंच होईल. त्यानंतर शांतता.

म्हणजे सगळं जग ज्या विमानाला मलाक्कात हरवलेलं समजत होतं, ते आणखी सहा तास कुठेतरी उडत होतं आणि "आहे, आहे" म्हणत होतं. सात ओळी. या सात ओळींतून मार्ग काढायचा.

इनमारसॅट या कंपनीच्या लॉगमध्ये प्रत्येक ओळीपुढे दोन आकडे होते. पहिला आकडा वेळेचा. उत्तर यायला अपेक्षेपेक्षा किती मायक्रोसेकंद जास्त लागले. रेडिओलहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते, आणि हा जाऊन-येऊनचा प्रवास असल्याने एक मायक्रोसेकंद म्हणजे १५० मीटर अंतर. ३:४१ च्या ओळीत हा आकडा ११५०० आहे, ८:११ च्या ओळीत १८०४०. वजाबाकी करा, १५० ने गुणा. साडेचार तासांत विमान उपग्रहापासून सुमारे ९८० किलोमीटर दूर गेलं. हे गणित आठवीतलं मूलही करेल.

पण अंतर कळलं म्हणजे जागा कळत नाही. समजा मी तुम्हाला फोन करून एवढंच सांगितलं की मी माथेरानपासून सरळ रेषेत पंधरा ते वीस किलोमीटरवर आहे. तर मी पनवेलला असू शकतो, बदलापूरला असू शकतो, नाहीतर त्या कड्यावर कुठेही. माथेरानभोवती एक वर्तुळ, आणि मोजमापात चूक असणारच म्हणून ते वर्तुळ नाही, एक जाडसर पट्टा. उपग्रहाचंही तेच. प्रत्येक ओळीचं एक वर्तुळ, अशी सात वर्तुळं. मोजमापाची चूक जमिनीवर साधारण दहा किलोमीटर. हजारो किलोमीटर लांबीच्या वर्तुळाला दहा किलोमीटरची जाडी म्हणजे खरं तर कमालीची अचूकता. पण लांबीचं काय? तासाभरात विमान किती अंतर जाऊ शकतं ते माहीत असल्यामुळे एका वर्तुळावरून पुढच्यावर जायचे मार्ग मर्यादित होतात, एवढंच. तरी दोन शक्यता उरतातच. एक मार्ग उत्तरेला, मध्य आशियाकडे. दुसरा दक्षिणेला, जिथे अंटार्क्टिकापर्यंत पाण्याशिवाय काही नाही. वेळेचा आकडा दोन्हींना सारखंच पाठबळ देतो.

इथे दुसरा आकडा कामाला आला. गाडी जवळ येताना भोंग्याचा आवाज चढा लागतो आणि लांब जाताना उतरतो, हे पनवेल स्टेशनात उभ्या असलेल्या कोणालाही ठाऊक आहे. रेडिओलहरींचंही तसंच होतं. विमानातलं यंत्र हा फरक आधीच हिशेब करून पुसून टाकतं, पण उपग्रह आकाशात अगदी स्थिर आहे असं धरून. गंमत अशी की हा उपग्रह जुना झाला होता, त्याची कक्षा थोडी कललेली होती, म्हणजे तो रोज उत्तर-दक्षिण झोके घेत होता. त्यामुळे पुसूनही थोडा फरक उरत होता, आणि उत्तरेला जाणाऱ्या आणि दक्षिणेला जाणाऱ्या विमानांसाठी तो वेगवेगळा होता. इंजिनिअरांनी ही रीत दुसऱ्या विमानांवर, ज्यांचा मार्ग माहीत होता त्यांच्यावर लावून पडताळली. उत्तर आलं: दक्षिण. २४ मार्च २०१४ ला मलेशियाच्या पंतप्रधानांनी तसं जाहीर केलं. उपग्रह नवा आणि शिस्तीचा असता तर कदाचित आजही आपण कझाकस्तानात शोधत असतो! ८:१९ च्या ओळीतला हाच आकडा असंही सांगतो की त्या क्षणी विमान वेगाने खाली येत होतं.

आता माझ्या मताचा भाग. या हिशेबाने सातवं वर्तुळ दिलं आणि त्या वर्तुळाचा दक्षिणेकडचा तुकडा दिला. त्याने ठिपका दिला नाही. ठिपका मिळवायचा तर आणखी गोष्टी गृहीत धराव्या लागतात: वेग एकसारखा होता का, ऑटोपायलट होता का, मधे कोणी वळवलं का, शेवटी विमान सुटल्यासारखं पडलं की कोणी तरंगवत नेलं. ऑस्ट्रेलियाच्या संरक्षण शास्त्रज्ञांनी प्रामाणिकपणे तेच केलं. हजारो शक्य मार्ग संगणकावर उडवले आणि प्रत्येक मार्ग सात ओळींशी किती जुळतो ते मोजलं. निकाल म्हणून मिळाला एक नकाशा, काही ठिकाणी गडद, काही ठिकाणी फिका. अशा नकाशाला कोणी ब्रेकिंग न्यूज म्हणत नाही. पण प्रामाणिक उत्तर असंच दिसतं.

आणि लोकांना हवा असतो ठिपका. म्हणून ठिपका विकणारे निघतात. कोणी म्हणतं दिएगो गार्सियाला उतरवलं, कोणी म्हणतं कंबोडियाच्या जंगलात गूगलच्या नकाशावर दिसलं. यांच्यापेक्षा बरे, आकडे घेऊन येणारेही आहेत. २०२१ नंतर हौशी रेडिओवाल्यांच्या जुन्या सिग्नलांवरून विमानाचा मिनिटामिनिटाचा मार्ग काढल्याचा दावा गाजला. पण ती सिग्नलची पद्धत ज्यांनी तयार केली, त्या नोबेलविजेत्या जो टेलर यांनाच त्या डेटातून विमानाचा माग लागेल हे मान्य नाही. आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे: लॉगमध्ये जेवढी माहिती आहे त्यापेक्षा जास्त माहिती तुमच्या रिपोर्टमध्ये येऊ शकत नाही. आली असेल तर ती तुम्ही घातलेली आहे.

यावर एक आक्षेप आहे आणि तो मला खरोखर महत्त्वाचा वाटतो. ज्यांचं माणूस त्या विमानात होतं त्यांना हे 'गडद-फिकं' सांगून काय उपयोग? त्यांना उत्तर हवंय. अकरा-बारा वर्षं दारावरच्या बेलकडे कान लावून बसलेल्या आईला संभाव्यतेचं गणित सांगणं हा क्रूरपणा नाही का?

मी यावर बराच विचार केलाय. माझं म्हणणं असं की क्रूर आहे तो खोटा ठिपका. कारण दिएगो गार्सियाच्या गोष्टीत 'ते अजून जिवंत असतील' हे न बोलता सांगितलेलं असतं, आणि त्या गोष्टीचं पुढे काहीच करता येत नाही. ना ती तपासता येते, ना खोडता येते. पट्ट्याचं तसं नाही. पट्ट्यात जहाज पाठवता येतं. तिथे नाही सापडलं तर तो भाग फिका करून शेजारचा भाग गडद करता येतो. म्हणजे 'सापडलं नाही' हीसुद्धा एक मिळालेली माहिती असते.

हे नुसतं बोलायला नाही, असं होऊन गेलेलं आहे. १ जून २००९ ला एअर फ्रान्सचं ४४७ अटलांटिकमध्ये पडलं, २२८ माणसं गेली. त्या विमानाचा शेवटचा ठिकाणा माहीत होता, तरी दोन वर्षं सापडलं नाही. सुरुवातीला त्या ठिकाणाजवळ ब्लॅक बॉक्सच्या बीकनचा आवाज ऐकायचा प्रयत्न झाला, आला नाही, म्हणून तो भाग साफ समजला गेला. नंतर गणितज्ञांनी सगळे जुने शोध पुन्हा मांडले आणि विचारलं, बीकनच बंद पडले असतील तर? तेवढं धरल्याबरोबर नकाशावर आधीचा 'साफ' भाग गडद झाला. एप्रिल २०११ मध्ये तिथेच, शेवटच्या ठिकाण्यापासून जेमतेम बारा किलोमीटरवर, सुमारे ३९०० मीटर खोल पाण्यात विमान सापडलं. आपल्याकडे हवाई दलाचं एएन-३२ चेन्नईच्या तांबरमहून पोर्ट ब्लेअरला जाताना २२ जुलै २०१६ ला बंगालच्या उपसागरावर बेपत्ता झालं, २९ जण होते. जानेवारी २०२४ मध्ये चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेच्या स्वयंचलित पाणबुडीने ३४०० मीटर खोलीवर त्याचे अवशेष टिपले. साडेसात वर्षांनी. त्या २९ घरांना विचारा, उशिरा आलेल्या उत्तराला किंमत आहे की नाही.

एमएच ३७० चा शोधही असाच पुढे सरकतोय. ऑस्ट्रेलिया, मलेशिया आणि चीनने मिळून १,२०,००० चौरस किलोमीटर समुद्रतळ धुंडाळला आणि जानेवारी २०१७ मध्ये थांबले. २०१८ मध्ये ओशन इन्फिनिटी या कंपनीने आणखी १,१२,००० चौरस किलोमीटर पाहिला. दोन्ही मिळून महाराष्ट्राच्या तीन चतुर्थांश क्षेत्रफळाएवढा तळ, सरासरी चार किलोमीटर पाण्याखाली. मधल्या काळात, २९ जुलै २०१५ ला, आफ्रिकेजवळच्या रीयुनियन बेटावर विमानाच्या पंखाचा एक भाग, फ्लॅपेरॉन, वाहत आला. मग पुढे इतर किनाऱ्यांवर आणखी तुकडे मिळाले. समुद्राच्या प्रवाहांचा उलटा हिशेब करून ऑस्ट्रेलियाच्या शास्त्रज्ञांनी काढलं की हे तुकडे सातव्या वर्तुळावर साधारण ३५ अंश दक्षिणेच्या आसपासून निघाले असावेत. उपग्रहाचा हिशेब आणि प्रवाहांचा हिशेब, दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, तरी दोन्ही एकाच समुद्राकडे बोट दाखवतात. माझ्या लेखी कटाच्या सगळ्या कहाण्या त्या फ्लॅपेरॉनबरोबर संपल्या.

मार्च २०२५ मध्ये मलेशियाने त्याच कंपनीशी नवा करार केला: १५,००० चौरस किलोमीटर नवा भाग, सापडलं तर ७ कोटी डॉलर, नाही सापडलं तर एक पैसाही नाही. १५,००० चौरस किलोमीटर म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याएवढा भाग. हवामानामुळे एप्रिलमध्ये काम थांबलं, आणि ३ डिसेंबर २०२५ ला मलेशियाने जाहीर केलं की ३० डिसेंबरपासून पुन्हा टप्प्याटप्प्याने ५५ दिवस शोध होईल. "एवढा खर्च कशाला, गेलेले परत येणार आहेत का?" असं विचारणाऱ्यांना एवढंच सांगेन की मलेशियाच्या २०१८ च्या अंतिम अहवालात कारण ठरवता आलेलं नाही, आणि बोइंग ७७७ आजही रोज उडतात. कारण माहीत नसलेला अपघात हा न सुटलेला बग आहे.

आता शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. तो वेळेचा आकडा, ज्याच्यामुळे सात वर्तुळं काढता आली, तो लॉगमध्ये होता कसा? फोन किंवा डेटा चालण्यासाठी तो साठवून ठेवायची गरज नव्हती. एअर फ्रान्स ४४७ च्या अपघातानंतर इनमारसॅटच्या लोकांनी ठरवलं की पुढेमागे एखादं विमान शोधायला उपयोगी पडेल म्हणून हा आकडा नोंदवून ठेवू. एका टेबलात एक कॉलम वाढवला, म्हणा ना. कोणी टाळ्या वाजवल्या नसतील. पाच वर्षांनी जगाला त्या विमानाबद्दल जे काही माहीत आहे ते बहुतेक सगळं त्या कॉलमने दिलं. तो नसता तर सात ओळी म्हणजे नुसतं सात वेळा "आहे".

पण हा जुगाड होता. विमान शोधायची व्यवस्था जुगाडावर चालू नये. एमएच ३७० नंतर आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने नियम केले. २०१८ पासून समुद्रावर मोठ्या प्रवासी विमानांची जागा दर पंधरा मिनिटांनी कंपनीला कळली पाहिजे. आणि संकटात सापडलेल्या विमानाने दर मिनिटाला आपोआप जागा कळवली पाहिजे, तीही अशी की विमानातली वीज गेली तरी चालू राहावी. हा दुसरा नियम खरा उपयोगाचा, कारण एका मिनिटात विमान जातं पंधरा किलोमीटर, तर पंधरा मिनिटांत सव्वादोनशे. पण तो लांबत लांबत १ जानेवारी २०२५ ला लागू झाला, आणि लागू आहे तो फक्त २७ टनांवरच्या नव्या विमानांना, ज्यांना पहिलं प्रमाणपत्र २०२४ च्या सुरुवातीपासून पुढे मिळालं त्यांना. त्याआधीची हजारो विमानं अजून वीस-पंचवीस वर्षं उडणार आहेत, आणि त्यांना हे बसवण्याची सक्ती नाही.

कंपन्यांचं म्हणणं असं की जुन्या विमानांत नवं यंत्र बसवणं महाग पडतं, विमान दुरुस्तीला उभं ठेवावं लागतं. खरं आहे. वैमानिकांचं म्हणणं असं की आग लागली तर कुठल्याही यंत्राची वीज तोडता आली पाहिजे. तेही खरं आहे. पण दुसऱ्यावर उपाय आहे, यंत्राला स्वतःची छोटी बॅटरी आणि विमानाच्या वायरिंगपासून वेगळी जागा. आणि पहिल्याचं उत्तर असं की विमान मोठ्या देखभालीसाठी काही वर्षांनी उभं राहतंच, तेव्हा बसवा. सगळ्यांना एकदम नको, आधी समुद्रावरून लांब जाणाऱ्यांना बसवा. आपल्या देशातल्या कंपन्या आता शेकड्यांनी विमानं मागवतायत, त्यांतल्या नव्यांना ते मिळेलच. पण आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने लांबच्या समुद्री मार्गांवरच्या जुन्या विमानांसाठीही मुदत घालून द्यावी असं मला वाटतं. जगाची वाट बघायची गरज नाही. कोणीतरी कॉलम वाढवायला सुरुवात करावी लागते.

तोपर्यंत आपण साध्या माणसांनी काय करायचं? फार काही नाही. पुढच्या वेळी कोणी व्हॉट्सअॅपवर समुद्राचा नकाशा आणि त्यावर लाल फुली पाठवून "सापडलं!!!" म्हणालं, तर पुढे ढकलण्याआधी त्याला एकच प्रश्न विचारा: प्लस-मायनस किती? ज्याच्याकडे त्याचं उत्तर आहे त्याचं ऐका. ज्याच्याकडे नाही, त्याने फुली स्वतः काढलेली आहे.